केरूदादाची काडेपेटी

शेतीत शक्य तितकं काहीही न करणं हीच खरी शेती, असं रशीद साखरकरने १९९८ च्या ऑक्टोबरात आपल्या बायकोला सांगितलं, तेव्हा कनीज विळीवर सुरमई कापत होती. तिने हात न थांबवता विचारलं की, ती शेती गेली एकोणीस वर्षं आपल्या परसात चाललीच आहे, मग त्यात नवीन काय?

प्रश्न रास्त होता. ही एकोणीस वर्षं रशीद आखातात, दम्मामला पाइपांच्या गोदामात स्टोअरकीपर होता. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांसाठी तो रत्नागिरीला यायचा, घरातले बंद पडलेले पंखे दुरुस्त करायचा, मुलीची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवायचा आणि परत जायचा. त्या चौकटीवर सगळ्या मिळून नऊ रेघा होत्या. दहावी रेघ मारायला तो आला तेव्हा तस्नीमचं लग्न ठरलं होतं आणि ती राजापूरला जायच्या तयारीत होती. त्याच वर्षी त्याने जाहीर केलं की आता पुरे, आता मी परत जायचा नाही. यावर घरात आनंदीआनंद होईल अशी त्याची समजूत होती. कनीज म्हणाली, बघू.

त्या 'बघू'नेच सगळा घोटाळा केला. परत जायचं नाही तर खायचं काय, हे तिने तोंडाने विचारलं नव्हतं, पण रशीदला ते ऐकू आलं. आणि उत्तर त्याच्या बॅगेत तयार होतं. गोदामाच्या मागे वाळूत टोमॅटो पिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या ऑस्ट्रेलियन इंजिनियरने निवृत्त होताना त्याला एका पुस्तकाची झेरॉक्स भेट दिली होती. विषय पर्माकल्चर. म्हणजे नांगरायचं नाही, जाळायचं नाही, पावसाचं पाणी उतारावरच अडवून जिरवायचं, जमीन पालापाचोळ्याने झाकायची, आणि मग निसर्ग आपला आपण सगळं बघून घेतो. झेरॉक्सवाल्याच्या चुकीने मधली दहा पानं राहून गेली होती. नेमकं तेच प्रकरण जास्त पावसाच्या डोंगराळ प्रदेशांबद्दल होतं. वाळवंटाचं प्रकरण मात्र पूर्ण होतं, आणि रशीदला ते जवळजवळ पाठ होतं.

शेजारच्या दमयंतीबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी कुंपणापलीकडून ही कल्पना नीट समजावून घेतली. कायमस्वरूपी शेती, असं रशीदने भाषांतर केल्यावर त्या म्हणाल्या की, शेती कायमचीच असते, रशीदभाई, माणसं तेवढी मुंबईला जातात. बाकी त्यांचा पाठिंबा होता. निवृत्त मुख्याध्यापिकेचा पाठिंबा ही फार दमवणारी गोष्ट असते, हे रशीदला पुढच्या सहा महिन्यांत कळलं.

साखरकरांचं घर शहराबाहेर, सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, खाडीकडे उतरणाऱ्या उतारावर. मागे विहीर, बारा हापूसची कलमं, आणि अगदी खाली एक सपाट मळी. रशीदचे वडील त्या मळीत दर वर्षी भात करायचे. ते गेल्याला सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तिथे गवत वाढत होतं. कलमांचं सगळं बघायचा केरूदादा. हातखंब्याच्या पलीकडच्या एका वाडीतला हा कुणबी गडी रशीदच्या वडिलांच्या वेळेपासून दर एप्रिलात आंबा उतरवायला यायचा, पाऊस पडेस्तोवर राहायचा आणि घरी जायचा. वडील गेल्यावर, रशीद परदेशात असताना, या जमिनीवर हक्काने पाय ठेवणारा पुरुषमाणूस तेवढाच. त्यामुळे तिच्या खाचाखोचा त्याला ठाऊक होत्या, आणि रशीदला फक्त पुस्तक ठाऊक होतं.

पुस्तकात पहिलं काम सांगितलं होतं चराचं. उतारावर एका पातळीत आडवा चर खणायचा, म्हणजे पाणी त्यात थांबतं, मुरतं आणि विहिरीला येतं. पातळी काढायला रशीदने गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. नळीला दोन टोकं असल्यामुळे दुसरं टोक दमयंतीबाईंनी धरलं. धरून त्या गप्प उभ्या राहिल्या असत्या तर चर सरळ एका पातळीत गेला असता. पण त्यांना बोलताना हात हलवायची चाळीस वर्षांची सवय होती. दोन दिवसांनी आखलेली रेघ बारा कलमांतून अशी काही वळणं घेत गेली की कनीजने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पाहिली आणि खिडकी लावून घेतली.

खणायला घेतल्यावर कळलं की वर चार बोटं माती आणि खाली निव्वळ जांभा दगड. कुदळ आपटायची आणि परत वर यायची. शेवटी पहारी घेऊन दोन गडी लावले आणि आठवड्याभरात साठ फूट लांब, दीड फूट रुंद असा चर तयार झाला. रशीद त्याच्या काठावर उभा राहून समाधानाने बघत असतानाच वाडीतली पहिली मंडळी आली. त्यांनी विचारलं, फोन कधी येणार?

हे त्याला आधी समजलं नाही. मग उलगडा झाला. त्या काळात या उतारावरच्या निम्म्या घरांनी टेलिफोनसाठी अर्ज करून ठेवले होते. दमयंतीबाईंचा अर्ज तर त्र्याण्णव सालचा. कुठेही लांबट खड्डा दिसला की लोकांच्या मनात आशा जागी व्हायची. रशीदने हा चर पाण्यासाठी आहे असं पंधरा जणांना सांगितलं. पंधराही जणांनी मान डोलावली आणि बाहेर जाऊन सांगितलं की हा दम्मामवाला वशिल्याने एकट्यापुरती लाइन ओढून घेतोय.

मग तक्रार झाली आणि नोटीस आली. विनापरवाना खोदकाम. रशीद कागदपत्रं घेऊन संबंधित कार्यालयात गेला. तिथल्या क्लार्कने छापील अर्ज पुढे केला. त्यात खोदकामाचा उद्देश या रकान्यात चारच पर्याय होते: नळजोडणी, गटार, टेलिफोन आणि इमारतीचा पाया. रशीदने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पावसाचे पाणी थांबवणे'. क्लार्कने ते दोनदा वाचलं. तो सभ्य माणूस होता. त्याने समजावून सांगितलं की, साहेब, इथे लोक पावसाचं पाणी घरासमोरून जावं म्हणून अर्ज करतात. ते थांबावं म्हणून अर्ज घ्यायची आमच्याकडे सोय नाही. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला क्लार्कने माणुसकीच्या भावनेने 'इमारतीचा पाया' यावर खूण केली आणि फाइल बंद केली. त्यामुळे साठ फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी एक इमारत रशीदच्या नावावर लागली आणि तिला रीतसर घरपट्टी सुरू झाली. ती अजून येते.

एखाद्याने इथेच पुस्तक मिटलं असतं. पण रशीदच्या स्वभावात एक गोष्ट होती, की लोक हसले की त्याला आपलं बरोबर असल्याची खात्री पटायची. ती सवय त्याला पुष्कळ महाग पडली आहे.

त्याने पपईच्या खड्ड्यांत बांगड्यांची डोकी पुरली, कारण पुस्तकात माशांचं खत उत्तम म्हटलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशात मांजरं कमी असावीत. इथे खाडीकाठापासून सड्यापर्यंतची सगळी मांजरं दोन रात्रींत जमली आणि पपया मुळासकट बाहेर आल्या. कनीजने सकाळी अंगण झाडलं आणि तीन डोकी दारातून उचलून त्याच्या पुस्तकाशेजारी ठेवली.

मग पातेऱ्याचे दिवस आले. आंब्याफणसाची वाळकी पानं, म्हणजे पातेरा, आपल्याकडे काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे. सकाळी उठून प्रत्येक बाई अंगण झाडते, कोपऱ्यात ढीग करते आणि पेटवते. हिवाळ्यात सकाळी सातला सड्यावरून खाली बघितलं तर घराघरातून निळसर धूर वर येताना दिसायचा आणि त्याचा वास गोड वाटायचा. परदेशात असताना रशीदला तो वास आठवायचा, हे त्यानेच एकदा कनीजला सांगितलं होतं. आता मात्र त्या धुराकडे बघून तो कळवळायचा, कारण पुस्तकाच्या हिशेबाने ते सोनं जळत होतं. तो खताची रिकामी पोती घेऊन दारोदार फिरू लागला. पातेरा जाळू नका, मला द्या.

बायका देत होत्या, पण त्याच्याकडे बघायची त्यांची नजर बदलली. जो माणूस येताना सगळ्या वाडीला खजूर वाटायचा, तो आता पोतं घेऊन कचरा मागत होता. बातमी उतरत उतरत खाडीकाठच्या राजिवड्यापर्यंत गेली आणि तिथे तिचं रूप असं झालं की रशीदची नोकरी गेली, पैसे बुडाले आणि बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. राजापूरहून तस्नीमने घाबरून पत्र लिहिलं. आणि बकरी ईदला कनीजचा मोठा भाऊ यासीन सुट्टीवर कुवेतहून आला होता, तो चुलीजवळ बसून बहिणीशी हळू आवाजात अर्धा तास बोलला.

यासीन भला माणूस होता. त्याने रशीदला कमीपणा वाटू नये म्हणून विषय फार आडवळणाने काढला. त्याच्या कंपनीत स्टोअरची जागा होती. पासपोर्ट महिनाअखेर त्याच्याकडे दिला तर जुलैपर्यंत काम होईल. रशीद म्हणाला, मला गरज नाही. यासीनने प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात रशीदला फार लागला. त्याने सांगून टाकलं की, येत्या जुम्म्याला नमाज झाली की सगळ्यांनी माझ्या परसात या. मी काय करतोय ते दाखवतो. मग बोलू.

सगळा डाव त्या शुक्रवारावर लागला. रशीदने बाहेर कुणाला दाखवलं नाही, पण त्याने मनाशी ठरवलं होतं की यांना पटलं तर राहायचं, नाही पटलं तर पासपोर्ट देऊन टाकायचा. पन्नाशीला आलेल्या माणसाने आपल्याच घरात राहायला इतरांची परवानगी मागावी, हे विचित्र आहे. पण एकोणीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला घरात आपण पाहुणे आहोत असं वाटत राहतं, आणि पाहुण्याला सगळ्यांचीच परवानगी लागते.

दाखवायचं काय, तर वाफा. खालच्या मळीत, वडिलांच्या भाताच्या जागी, रशीदने पुस्तकाच्या चित्राप्रमाणे थरावर थर रचले. सगळ्यात खाली शेण. त्यावर दमयंतीबाईंनी दिलेली सहा वर्षांची वर्तमानपत्रं. त्यावर किंजळ-ऐनाच्या टहाळ्या. त्यावर सुकं गवत. त्यावर पोत्यापोत्याने जमवलेला पातेरा, आणि सगळ्यांत वर चाळलेल्या मातीचा हलका थर. यासीन यायच्या आधीपासून, तीन आठवडे, तो एकटा खपत होता. पुस्तकात हे सगळं भिजवायला सांगितलं होतं, पण विहीर तळाला गेली होती आणि कनीजने घागरी मोजून दिल्या. तेव्हा भिजवणं पाऊस करील असं ठरलं. वाफा चौकोनी होता, कडा हाताने थापलेल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी तो त्याच्याभोवती तीनदा फिरला.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला तो मशिदीत गेला. आणि दुपारी बाराच्या एस्टीने केरूदादा आला.

केरूदादा दर वर्षीप्रमाणे पिशवी पडवीत ठेवून आधी विहिरीवर गेला, पाय धुतले, आणि खाली मळीकडे बघितलं. बघतच राहिला. शेण, टहाळ्या, गवत, पातेरा, वर माती. ज्याने जन्मभर कोकणात भात केलं त्याला हे थर समजावून सांगावे लागत नाहीत. ही तरव्याची भाजवळ होती. भाताची रोपं जिथे वाढवायची ती जागा एप्रिलात अशीच रचतात आणि भाजतात, आणि त्या राखेत पाऊस पडला की बी टाकतात. पोरगा परत आला आणि सहा वर्षांनी बापाचा तरवा मांडून बसला, एवढंच केरूदादाला दिसलं. थर जरा ओबडधोबड होते, आणि मधे पेपर कशाला घातलेत ते त्याला कळलं नाही. पण परदेशात राहिलेल्या माणसाची काही तऱ्हा असणार. फक्त पेटवायचं राहिलं होतं. वारा खाडीकडून येत होता, ऊन कडक होतं, भाजवळीला याहून चांगली वेळ नाही. रशीदला काही कळायच्या आत आपण करून ठेवू, असं म्हाताऱ्याच्या मनात आलं.

दीड वाजता रशीद, यासीन, रशीदचे दोन चुलते आणि वाडीतली चार वडीलधारी माणसं मशिदीतून चालत येत होती. रशीद त्यांना जाळणं हा जमिनीवरचा किती मोठा जुलूम आहे ते समजावत होता. वळणावर धुराचा वास आला. चुलते म्हणाले, कुणी पातेरा जाळतंय. रशीद खेदाने हसला आणि म्हणाला, बघा, हेच ते.

परसात आल्यावर सगळे थांबले. वाफा वाऱ्याच्या उलट दिशेने, सावकाश, फार सुरेख जळत होता. केरूदादा हातात ओली डहाळी घेऊन कडेकडेने फिरत होता आणि कुठे ज्वाळा वर आली की डहाळीने दाबत होता. त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"रशीदभाय," तो म्हणाला, "अर्ध्या तासात हुईल. बाबांचा तरवा असाच लागायचा."

चुलत्यांपैकी एक हसला. तो न हसता तर पुढचं घडलं नसतं. पण तो हसला, आणि ते हसू यासीनच्या ओठांवरही क्षणभर आलेलं रशीदने पाहिलं. त्याच्या तोंडून जे निघालं ते सगळं इथे सांगण्यात अर्थ नाही. शेवटचं वाक्य असं होतं:

"सहा वर्षं जमीन तुझ्या हातात दिली, ती अशीच जाळत होतास काय रे?"

रशीदने त्याला आयुष्यात कधी 'रे' म्हटलं नव्हतं. केरूदादाचं हसू गेलं. त्याने एकदा घराकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत कनीज उभी होती. मग तो एवढंच म्हणाला, "माझी चूक झाली," आणि डहाळी खाली ठेवली. पण जायच्या आधी त्याने वाफ्याची उरलेली बाजू नीट विझेपर्यंत पाहिली, कारण अर्धवट पेटती आग सोडून जाणं त्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं. मग पिशवी उचलून तो तीनच्या एस्टीला गेला. विहिरीच्या पायरीवर एक फडक्यात बांधलेलं पुडकं राहिलं. त्यात भाताचं बी होतं.

कनीजने केलेली बिर्याणी पाहुण्यांनी फार कौतुकाने खाल्ली. संध्याकाळी रशीदने यासीनला पासपोर्ट दिला.

पुढचे दोन महिने तो ताठ्यात राहिला. झेरॉक्स माळ्यावर गेली. आंबा त्या वर्षी दुसऱ्या माणसांनी उतरवला आणि निम्मा खाली आपटला. दमयंतीबाईंनी कुंपणावरून सांगितलं की राखेत पालाश असतं, तेव्हा अगदीच फुकट गेलं असं नाही. रशीदने मान हलवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोनदा पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी कनीज साडी खोचून मळीत उतरली आणि फडक्यातलं बी राखेत पेरून आली. हे तिने त्याला विचारून केलं नाही, आणि त्यानेही आपण खिडकीतून बघत होतो हे कबूल केलं नाही. महिन्याभरात मळीत असा हिरवा तरवा आला की कुंपणापलीकडून जाणारे लोक थांबून बघायचे. रशीद बघायचा नाही. म्हणजे दिवसातून चार वेळाच बघायचा.

जुलैच्या पहिल्या गुरुवारचं तिकीट आलं. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी घरोघर जाऊन कह्यासुन्याची माफी मागून यायची आपल्याकडे रीत आहे. बोललंचाललं मनात ठेवून जाऊ नये, कारण परत यायची खात्री कुणाला असते? रशीदने सगळ्या घरांची माफी मागितली. त्या चुलत्याचीही मागितली. एकच दार उरलं होतं, आणि मंगळवारी सकाळी तो हातखंब्याकडच्या एस्टीत बसला.

केरूदादाचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो ओटीवर बसून पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं विणत होता. रशीदला बघून तो गडबडीने उठला आणि त्याने आधी पाणी आणलं. रशीदने माफीचे शब्द वाटेत दहा वेळा जुळवले होते. पण त्याला पहिला शब्द सुचायच्या आधीच केरूदादा त्याला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेला. गोठ्याचा निम्मा भाग आढ्यापर्यंत भरलेला होता. पातेऱ्याचे भारे. वेलीने नीट बांधलेले, एकावर एक रचलेले.

"तुझा जेवढा जळला तेवढा हाय," केरूदादा म्हणाला. "सगळा रान झाडून काढला. पोचवणार व्हतो, पण एस्टीवाला टपावर घेईना. म्हणतो, कचऱ्याचा तिकीट नसता."

कचऱ्याला तिकीट नसतं म्हणून हा म्हातारा दोन महिने गोठ्यातल्या भाऱ्यांकडे बघत बसला होता. रशीद भाऱ्यावर बसला. जुळवलेले शब्द सगळे गेले होते, तेव्हा त्याने नुसते हात जोडले आणि तो रडला. हे त्याने स्वतःच पुढे अनेकांना सांगितलं, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. केरूदादाला काय करावं कळेना. त्याने विषय बदलण्यासाठी विचारलं की बी कुणी पेरलं का, आणि तरवा कसा आलाय? रशीद म्हणाला, हिरवागार. मग लावणी कधी? परवा मी जातोय, रशीद म्हणाला. यावर केरूदादा ओटीवर परत गेला. मग त्याने इरलं डोक्यावर घेतलं.

संध्याकाळी एक भाड्याचा टेम्पो साखरकरांच्या दारात उभा राहिला. त्यातून रशीद, केरूदादा आणि ताडपत्रीखाली झाकलेला पातेरा उतरला. केरूदादा घरात न येता थेट मळीत गेला. कनीज पडवीत बसून रशीदच्या बॅगेत लोणच्याची बाटली बसवत होती. रशीदने तिला गोठ्यातलं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग बाटली बाजूला ठेवून म्हणाली की मला एक सांगायचंय.

"त्या जुम्म्याला केरूदादाची काडेपेटी भिजलेली होती. त्याने माझ्याकडे मागितली. मीच दिली."

रशीदने विचारलं, विडीसाठी मागितली असेल, तुला काय माहीत?

"मला ठावक होता कशाला ती. सासूबाईंच्या हाताखाली मी आठ पावसाळे काढलेत. भाजवळ मला कळते." तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तुमचा पुस्तकातला मला काय कळत नव्हता. तो चर, ती माशांची डोकी. उद्या कंटाळून जाल म्हणून भ्यायचे. पण ज्याने तरवा भाजलान, तो माणूस पावसात घर सोडून जात नाय. लावणी असते, मग बेणणी, मग कापणी. दिवाळीपर्यंत अडकतो. म्हणून दिली."

"आणि केरूदादाने मला सांगितलं कसं नाही?"

"माझा नाव कशाला घेईल तो? मी खिडकीत होते. त्याने बघितलान माझ्याकडे." तिने बॅगेची चेन अर्धी ओढली आणि सोडून दिली. "एकोणीस वर्षां तुमी सगळा बरोबर केलात, पण ता सगळा तिकडे बसून. या वर्षी सगळा चुकलात. पण घरात होतात. मला हेच वर्ष बरा वाटला."

खालून केरूदादाने हाक मारली की रोपं लावणीला आलीत, अजून चार दिवस थांबलं तर वाया जातील. रशीद पायऱ्या उतरून मळीत गेला. गुरुवारी मुंबईच्या गाडीच्या वेळेला तो गुडघाभर चिखलात वाकून उभा होता, आणि त्याच्या पाठीला असा बाक आला होता की यासीनचा निरोप घेऊन आलेल्या माणसाशी तो सरळ उभा राहून बोलूच शकला नाही. यासीन चार महिने रागावला होता. नंतर दोन हजार पाच साली तोही कायमचा परत आला, आणि पहिल्याच हिवाळ्यात पोतं घेऊन पातेरा मागायला रशीदकडे आला.

त्यानंतर मळीत दर वर्षी दोन वाफे व्हायचे. एक पुस्तकातला, न जाळता, भाजीचा आणि थोड्या भाताच्या रोपांचा. एक केरूदादाचा, भाजलेला. कुठल्या वाफ्यात रोपं चांगली आली यावर सात वर्षं वाद झाला आणि रशीदने एकदाही हार मानली नाही. एप्रिलात केरूदादा आला की पाय धुवायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात जायचा, खिशातली काडेपेटी काढून कनीजच्या हातात द्यायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा की ही तुझ्याकडे राहू दे, माझा भरवसा नाय. जाताना ती त्याला परत द्यायची. रशीद घरात असला तर दोघंही हसायची नाहीत, आणि तो बाहेर गेला की हसायची. दोन हजार एक साली एकदाचे टेलिफोनवाले आले. त्यांनी आयता चर बघून त्यातच केबल टाकली, त्यामुळे दर जुलैत दमयंतीबाईंच्या फोनमधून आधी पाण्याचा आवाज यायचा आणि मग माणसाचा. पण विहीर मेपर्यंत टिकू लागली होती, तेव्हा रशीदने तक्रार केली नाही.

दोन हजार सातच्या शिमग्याआधी केरूदादा गेला. आदल्या जूनमध्ये जाताना तो काडेपेटी परत घ्यायला विसरला होता, आणि कनीजही द्यायला विसरली होती. पावसाने दमट होऊ नये म्हणून तिने ती तांदळाच्या डब्यात ठेवली होती.

त्या एप्रिलात रशीदने दोन वाफे रचले. एक पुस्तकातला. दुसऱ्यात पेपर घातले नाहीत. मग तो स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि त्याने हात पुढे केला. कनीजने डबा उघडून, तांदूळ झटकून, काडेपेटी त्याच्या हातावर ठेवली. वारा खाडीकडून येत होता. त्याने उलट्या बाजूने पेटवलं आणि ओली डहाळी घेऊन कडेकडेने फिरत राहिला, पूर्ण विझेपर्यंत.

जुलैत लावणीच्या दिवशी तो मळीच्या बांधावर उभा राहून दोन्ही तरवे बघत होता. कनीज रोपांच्या मुठी बांधत होती. मग तो, सात वर्षांच्या वादात कधी म्हणाला नव्हता ते, सगळ्या मळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला:

"केरूदादा, तुझाच चांगला आलाय."